सुमीच्या मापाचा युनिफॉर्म

माप घ्यायला पोरगी सोबत न्यावी लागती, हे मला रामनगरात जाऊन कळलं. दुसऱ्या दिवशी सुमीची शाळा सुरू होणार, आणि बसमध्ये ओकती म्हणून तिला मी घरीच ठेवलेली. दुकानात तिच्याच उंचीची एक पोरगी आईबरोबर उभी होती.

मी म्हटलं, "अक्का, जरा हिला घालून बघू काय?"

फ्रॉक अगदी मापात बसला. पण पोरगी काढायलाच तयार न्हाई, भोकाड पसरलं तिनं. त्या मापाचा तेवढाच उरलेला. मग मोठा होता तो घेऊन आलो. म्हटलं, वाढतं अंग हाय, चालंल.

घरी सुमीनं तो उलगडून बघितला आणि बायकोला विचारलं, "आई, उद्यापास्नं तूबी शाळंत येणार व्हय?"