आधी कुलूप आणा

नाही हो, साबणावरनं नाही करत मी. चावीचा ठसा साबणात दाबून आणणारे तुम्ही काही पहिले नाही — आधी कुलूप आणा, मग चावी, तीस वर्षांचा नेम आहे माझा. बसा, पाणी घ्या. दाखवा बरं जरा... हं. पाच दाते, तिसरा आखूड. म्हणजे कापडवाल्या शेठचं मागचं दार. असे काय बघता? ते कुलूप मीच बसवलंय, आणि त्याच कुलपापायी तीन वर्षं आत काढलीत. दागिने गेले, दार फुटलेलं नाही, मग कोण? चावीवाला. झालं, सुतावरून स्वर्ग. चौकीत ही तीन बोटं मोडली — वाकडी आहेत बघा — आणि रोज एकच धोशा, देवाची शपथ घेऊन कबूल कर, सहा महिन्यांत सुटशील. बायको भेटायला यायची, शेवटी तीही म्हणाली, "कबूल करा नि घरी या. देव माफ करतो, हे लोक नाही करत." मी म्हटलं, त्याच्या नावानं खोटं नाही बोलणार. मोठा शहाणा मी. दुसऱ्या वर्षी ती गेली, छातीत कफ भरून, एकटी. मला तिसऱ्या दिवशी कळलं. पुढं दागिने शेठच्या जावयाकडेच निघाले, अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे — पण घरातलं घरातच दाबलं, आणि मी आपली शिक्षा पुरी करून बाहेर.

देवावर राग? अहो, रोज भांडतो. सकाळी हात जोडतो नि पहिली शिवीच तोंडात येते. पण जोडतो. आणि हे कुणाला बोललो नाही अजून — सुटल्यावर महिन्याभरात शेठच्या त्याच दाराची चावी केली मी. ठसा कशाला लागतो, हाताला पाठ आहे. भरदुपारी गेलो, घरात कुणी नव्हतं, लावली, फिरवली, दार उघडलं. समोर शेठाणीचा चष्मा, अर्धवट शिवलेलं झबलं. एक पाऊल आत टाकलं असतं ना, तर ती तीन वर्षं खरी झाली असती — मी चोरच ठरलो असतो. मग बायकोला काय सांगू, तुला एकटीला मरू दिलं ते कशासाठी? घाबरलो म्हणा हवं तर. दार ओढून घेतलं, चावी नाल्यात टाकली आणि घरी येऊन ढसाढसा रडलो.

काय म्हणालात? शेठकडचे सगळेच गावाला गेलेत? आठवडाभर?

हे बघा, मी काही संत नाही. माझा हात कानशीवर गेलाय, दिसतोय ना? उठा. मी हो म्हणायच्या आत उठा.