दस्ता कुणाच्या मापाचा

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात माझ्या आधी एका बाप-लेकीचा नंबर होता.

“दादा, बाबांच्या बंदुकीचा हा मागचा लाकडी दस्ता माझ्या मापाने आखूड करून द्या.”

“हिला आता क्लबात हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरायचाय. मग मी काय टाळ्या वाजवू?”

“दोघं मिळून वापरू ना, बाबा.”

“आखूड दस्ता मला कसा चालेल? हिच्यापेक्षा उंच आहे मी.”

“काका, जरा खांद्याला लावून दाखवा.”

“हे बघा. जरा अडकतेय. स्वेटर जाड आहे.”

“स्वेटर काढा.”

“आता सदऱ्यात अडकतेय.”

“सदरा राहू द्या. ताई, तुम्ही लावा बघू. तुम्हाला तर बरोबर बसतेय.”

“माझं सोडा. बाबांना किती लांब होतेय?”

“बोटभर.”

“तरीच त्यांचा नेम चुकतोय. रविवारी क्लबात जाणंच सोडलंय. म्हणतात, विकून टाक.”

“रागात म्हटलं गं. पण बंदूक तीच, मग लांब कशी झाली?”

“लाकूड आहे, काका. वयानं वाढतं कधीकधी.”

“ऐकलंस? दोष बंदुकीतच होता.”

“हो, बाबा.”

“मग कापा बोटभर. हिला थोडी आखूड होईल, पण घेईल ती सांभाळून.”