अर्धं मीठ

बायांनो, चवीचं मला काही विचारू नका. आमच्या मालकांचं बीपी वाढलं तवा डॉक्टर म्हणले, "मीठ अर्ध्यावर आणा." मी आणलं. तेलबी कमी केलं. चवीसाठी तीळ-जवस भाजून कुटायचे, मूठभर कोथिंबीर टाकायची, वरून लिंबू पिळायचं. मालक बोटं चाटत म्हणायचे, "तुझ्या हाताला लय चव हाय गं!" मी अख्ख्या सोनपेठात सांगत सुटले, मीठ कमी करा, चव वाढते.

अन् गेल्या महिन्यात त्यांची डावी बाजू गेली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "मीठ कमी करा म्हणलं होतं ना?" मी देवाची शपथ घेतली. शेजारी सासू खाली मान घालून बसलेली.

दुपारी दवाखान्यातलं अळणी वरण आलं. मालकांनी एक घास घेतला अन् माझ्याकडं बघत वाकड्या तोंडानं म्हणले, "याला सुरेखाच्या हाताची चव न्हाई."

तशी सासूनं कमरेची चंची सोडली. तंबाखूच्या बाजूला मिठाची पुडी होती. ती वरणात टाकणार तेवढ्यात मी हात धरला.

"आत्याबाई, हे काय करायलाव?"

"रोजच टाकते की. तू भाकऱ्या थापाया बसलीस की भाजीत टाकते. न्हाईतर लेकरू उपाशी उठलं असतं."

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी भाजीत मीठ टाकलंच न्हाई अन् भाकऱ्या थापाया बसले.

मालक बोटं चाटायला लागले.