मागच्या पाइपाची तोटी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे आमचे वरिष्ठ, समोर बसलेले सहकारी, आणि पहिल्या रांगेतून माझ्याकडे डोळे वटारून पाहणारी माझी पत्नी,

आज निवृत्त होणारे आपले हेडफिटर माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. चार मी आणलेत. बाकीचे मत्सराचे आहेत, आधीच सांगितलेलं बरं.

एकतीस वर्षं मी याच वर्कशॉपात रेडिएटर दुरुस्त करतोय. कुणी कधी बघायला आलं? दादांनी घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं आणि सगळी वस्ती लोटली. चहाचा थर्मास माझ्या घरून जायचा. विमानातली गादी माझ्या बायकोने शिवली. माझ्या शर्टाचं बटण अजून तुटलेलंच आहे.

त्यात बसवलं भंगारातल्या मोटारीचं रोटरी इंजिन. पिस्टन नाही, तिकोनी रोटर गरगर फिरतो, आणि उष्णता त्याला मुळीच सोसत नाही. पाण्याचे पाइप नव्याने वळवायचे म्हणून माझी आठवण झाली. कसे वळवू, हे विचारलं का? छे. आकृतीचा कागद हातात ठेवला.

कागद बघताच चूक दिसली. विमान जमिनीवर असताना शेपटी खाली, म्हणून पुढची टाकी सगळ्यात उंच. पाणी काठोकाठ भरलेलं दिसणार. उडताना शेपटी वर येते आणि मागचा पाइप टाकीच्या वर जातो. तिथे हवा अडकली की पाणी थांबलं, इंजिन गेलं. मी बोललो का? नाही. म्हटलं, एवढे शहाणे आहात, तर उडवा. पाइप कागदाप्रमाणे वळवून दिले आणि अकरा दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

उड्डाणाच्या सकाळी बायको म्हणाली, "पाइप तुमच्या हातचे आहेत, म्हणून मला दादाची काळजी नाही."

मी तसाच चपला घालून धावलो. शेडमध्ये विमानाची शेपटी पिंपावर चढवलेली होती. मागच्या पाइपापासून टाकीपर्यंत एक बारीक नळी जोडलेली होती, वाहत्या पाण्याबरोबर हवा टाकीत निघून जावी म्हणून.

दादा म्हणाले, "भावोजी, मागच्या पाइपाला तुम्ही तोटी काढून वर टोपण बसवलंत. ती कशासाठी, हे काल शेपटी उचलून पाहिली तेव्हा कळलं, आणि तिलाच ही नळी जोडली. तुम्ही बोलत नाही, तुमचं काम बोलतं."

मंडळी, ती तोटी मी मुद्दाम काढली नव्हती. पाइपाचं वळण वर आलं की तिथे तोटी काढायची, ही हाताला लागलेली सवय. डोक्यात मत्सर होता, हात आपलं काम करत होते. विमान उडालं, नीट उतरलं, आणि दादांनी सगळ्यांसमोर श्रेय मला दिलं. मी ते घेतलं. चार वर्षं मिरवतोय.

हेवा मला आजही वाटतो. माझ्यासारख्याबद्दल इतकं चांगलं समजायला जे मन लागतं, त्याचा वाटतो.

बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकल्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण सोडून द्यावं. अकरा दिवस मी बोललो नाही, तेवढी चूक मात्र दादांनी पोटात घालावी.