अदाच्या कॅसेटी

फोटो न्या साहेब, दोन न्या, पण कॅसेटीचं इचारू नका. काल बारावा झाला, आमच्या सिंधी पंचायतीनं माह्या डोक्यावर पगडी बांधली — मोठा भाऊ गेला, घर आता माह्यावर — आन् आज तुम्ही मुंबईहून हजर. अदा गेला, आमच्यात मोठ्या भावाले अदा म्हणतात, तवा तुमच्या टीव्हीवाल्यायचा साधा फोन नाई आला. वीस वर्षं तुमच्याकडं सिंधी कार्यक्रम बनवला त्यानं. अर्धा तास, दर रविवारी. शेवटी नाव यायचं, निर्माता टेकचंद — अम्मा चष्मा लावेपर्यंत निघून जायचं.

आन् गायचा कसा, माहीत आहे? कार्यक्रमात कधी ऐकला त्याले? नाई ना. काऊन नाई? तुमचाच कायदा — निर्मात्यानं सोताच्या कार्यक्रमात गायचं नाई. बेसुऱ्यायले माईक देऊन हा काचेमागं उभा. वरून जुन्या टेपा पुसून तुम्ही त्याच्यावरच नवं भरत होते. म्हून तो सोताच्या कविता इथं धाड गावाले येऊन गायचा, या दुकानाच्या माळ्यावर, पंखा बंद करून. चाळीस कॅसेटी. दुसरीकडं त्याचा आवाज कुठंच नाई. तेच पाहिजे तुम्हाले, समजते मले.

मी? मी सातवी शिकलेला. बाबाले लकवा झाला, अदा म्हणे नोकरी सोडता येत नाई, नारी बसंल दुकानात. नारी म्हंजे मी. बसलो. ताडपत्री, दोरी, चमकपट्टी — ज्वारीवरचे पाखरं हाकलाले बांधतात, ते. त्याच्या कवितेत सिंधू नदी, जी त्यानं जिंदगीत पाह्यली नाई. दुकान एकाही कवितेत नाई. वरून आवाज द्यायचा, ‘नारू, गिऱ्हाइकाले हळू बोल म्हण, रेकॉर्डिंग चालू आहे.’ बाजाराच्या दिवशी. गिऱ्हाइकाले.

अशाच एका बाजाराले पंजाबराव आले. चमकपट्टी संपलेली, त्यायच्या वावरात पाखरं कणीस ठेवत नव्हते. मी म्हटलं, थांबा काका. माळ्यावरून खोकं आणलं, देऊन टाकलं. कॅसेटीची फीत बी चमकते, वाऱ्यानं गुणगुणते, पाखरं येत नाई. मले काय माहीत आत काय आहे — चुकून झालं साहेब —

नाई. चिठ्ठ्या होत्या. एकेका कॅसेटीवर कवितेचं नाव, तारीख. मराठीत. माह्यासाठीच मराठीत, मले सिंधी वाचता येत नाई म्हून. मी वाचल्या. एकेक वाचली, मंग देल्ली.

अदा दिवाळीले आला, माळ्यावर गेला, खाली आला. मी सांगतलं. पंजाबरावच्या वावराच्या धुऱ्यावर जाऊन उभा राह्यला बराच वेळ. मंग घरी येऊन चहा पेला आन् बुलढाण्याची जीप पकडली. एक झापड मारली असती तं बरं झालं असतं. सात वर्षं फोन यायचा, मी उचलला का म्हणे, अम्माले दे.

पंजाबरावकडं एखादी उरली असंल? गेलतो ना. अदाचं कळवाले दवाखान्यातून फोन आला त्याच दिवशी गेलतो. हंगाम सरला का फिती पेटवून देतात ते, धसकटासंगं. मले म्हणे, काऊन, काही कामाचं होतं काय?

आता ऐका. अम्मा आत आहे. कॅसेटी तुमच्या ऑफिसात आहेत असं तिले वाटते. मी नाई सांगतलं तिले, अदानं सांगतलं — त्याच दिवशी, चहा पेता पेता — ‘अम्मा, कॅसेटी मी मुंबईले नेल्या.’ माह्याकडं पाह्यलं बी नाई. तुम्ही आले ऐकून ती साडी बदलाले गेली. ती इचारणार, आणल्या काय. तुम्ही म्हणा, जपून ठेवल्या आहेत, पुढच्या खेपेले आणतो. एवढंच. जमत नसंल तं उठा, मागच्या दारानं निघा, मी सांगतो गाडी सुटत होती. असे पाहू नका माह्याकडं. जमते का नाई, बोला लवकर —

ये अम्मा. बस. हे अदाच्या ऑफिसातले.