ते दुसरे बावीस हजार

…आणि वर मलाच विचारतात, "मायरॉन, एवढे पैसे भरलेतच कशाला?" अहो, कुठले पैसे?

तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी इथे सॅस्कॅचेवान प्रांतात, यॉर्कटन गावी शाळेची बस चालवली, उणे पस्तीसमध्येसुद्धा एक पोर कधी उशिरा पोचलं नाही, आणि शेवटी वडिलांचं शेत विकून ते सरकारी करमुक्त बचत खातं मर्यादेपर्यंत काठोकाठ भरलं, वर एक डॉलर मावायचा नाही! त्यातलं बरंचसं मुदत ठेवीत अडकलेलं. मोकळे म्हणाल तर बावीस हजार, गावातल्या छोट्या बँकेत. तेही कशासाठी? तर त्यातून घर तापवायची भट्टी बदलायला. आमची भट्टी माझ्या लग्नाआधीची, हल्ली नुसती खोकते!

तर गेल्या वर्षी एका मोठ्या बँकेनं ही छोटी बँक गिळली. गिळू दे, आपलं काय जातंय! माझे बावीस हजार या खिशातून त्या खिशात गेले, बस्स. पण कागदावर कुणीतरी लिहिलं काय? 'मायरॉननं नवे बावीस हजार भरले.' झालं! या जुलैत कराच्या ऑफिसचं पत्र आलं, मर्यादेबाहेर पैसे भरलेत, दरमहा शेकडा एक दंड. महिन्याला दोनशे वीस डॉलर, आणि मीटर चालूच!

रागावलो का? छे हो, मला रागापेक्षा कुतूहलच फार. मी म्हणतो बावीस, ते म्हणतात चव्वेचाळीस. बरं, चव्वेचाळीस तर चव्वेचाळीस! मग ते दुसरे बावीस हजार आहेत कुठे? बघू तरी द्या एकदा!

फोन लावला. चाळीस मिनिटं कराच्या ऑफिसचा पियानो ऐकला. मग एक गोड आवाजाची बाई. "सॉरी हं, बँकेनं तसंच कळवलंय. जादा पैसे ताबडतोब काढून टाका."

"कुठून काढू?"

"खात्यातून."

"अहो बाई, खात्यात नाहीतच ना ते!"

"सॉरी हं…"

बँकेत गेलो. काउंटरवर टॅनिस, शाळेत असताना दहा वर्षं माझ्याच बसमधून जायची. "अय्या, सॉरी हो मायरॉन! चूक आमचीच. पण आता एक सेंटही काढू नका हं, काढलेत तर जादा भरले होते असंच ठरेल!" म्हणजे एक म्हणते काढा, दुसरी म्हणते हात लावू नका, आणि तिकडे भट्टी खोकतेय! म्हटलं, "बाळा, 'चूक आमची' एवढं कागदावर लिहून दे." तर म्हणे, "सॉरी, कागदाचं मॅनेजरसाहेब बघतात." मॅनेजर गार्थ धांदलीत बाहेर आला तो थेट माझ्या पायावर पाय देऊन उभा राहिला. आणि मी काय म्हणालो असेन? "सॉरी!" सवय हो! आमच्याकडे दाराचा धक्का लागला तरी माणूस दाराची माफी मागतो.

याच सवयीनं घात केला. कराच्या ऑफिसला स्वतः पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत लिहून गेलो, 'माझ्यामुळे आपल्याला त्रास झाला, सॉरी.' उलट टपाली उत्तर हजर: 'आपण चूक कबूल केल्याची नोंद घेतली आहे.' घ्या! आता कबुली पण दिली, पण मग ते दुसरे बावीस हजार आहेत कुठे?

ऑक्टोबर उजाडला. एव्हलिन, माझी बायको, स्वयंपाकघरात कोट घालून पिरोगी, म्हणजे आमच्याकडच्या बटाट्याच्या करंज्या, लाटायला लागली. एक दिवस लाटणं ठेवलं आणि म्हणाली, "चल बँकेत. आणि तो शब्द तोंडातून निघाला तर आज जेवण नाही!"

गार्थ समोर बसला. "सॉरी, मायरॉन." मी गप्प. "खरंच खूप सॉरी." मी गप्प! जीभ दाताखाली धरून ठेवली होती, डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला सांगतो, आमच्या सॅस्कॅचेवानमध्ये सॉरीला उलट सॉरी मिळाली नाही की समोरच्याला घाम फुटतो. बिचाऱ्याला वाटलं मी वकील केलाय! पाच मिनिटांत 'चूक आमची' असं पत्र, सही, शिक्का.

ते पत्र कराच्या ऑफिसला धाडलं, आणि दंड माफ! नोव्हेंबरात नवी भट्टी बसली. एव्हलिननं कोट खुंटीला टांगला, तेव्हा खरं सांगतो, मला भरून आलं.

आणि काल बँकेचा दुरुस्त कागद आला. काय लिहिलंय? 'मायरॉननं बावीस हजार काढले.' भट्टीसाठी मी खरेच काढलेले सात हजार वेगळे बरं का, हे आणखी! आणि नियम असा, की जेवढे काढले तेवढे पुढल्या वर्षी पुन्हा भरता येतात. म्हणजे जे आलेच नाहीत ते निघून गेले, आणि त्यांची जागा राखून ठेवलीय!

एव्हलिन म्हणाली, "गप बस. कुणाचं काही बिघडलेलं नाही." पटतं हो! शंभर टक्के पटतं! पण आले तेव्हा दिसले नाहीत, गेले तेव्हाही दिसले नाहीत, मग काढले कुणी? ते दुसरे बावीस हजार आहेत तरी कुठे? नुसतं विचारायला काय हरकत आहे? आज सकाळी हळूच फोन लावला. पियानो. मग तीच गोड बाई.

"सॉरी हं," मी म्हणालो, "परत त्रास देतोय…"

मागे वळून बघतो तर एव्हलिननं मुकाट्यानं खुंटीवरचा कोट काढून अंगात चढवला होता.