कपाटाखालचे पाट

अरे, सायन्सला मी होतो, पण फिजिक्स शिकवलं आईने! दहिसरच्या चाळीत आमचं पहिलं लोखंडी कपाट आलं. अंगणात दम खायला टेकवलं, तर चारही पाय ओल्या मातीत रुतले. आम्ही उपसायचो, दोन पावलांवर टेकवलं की पुन्हा तेच. वाट लागली!

आईने जेवायला बसायचे चार पाट आणले. "ह्यांच्यावर टेकवा."

"वजन तर तेवढंच राहणार ना, आई?"

"तेवढंच रे. पण टेकायला जागा किती मिळाली बघ."

पाटांवर टेकत टेकत कपाट घरात पोचलं.

पुढे वर्गात सरांनी विचारलं, "क्षेत्रफळ वाढलं की दाब कमी का होतो?"

मी आईचंच वाक्य ठोकलं.

"वा! कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही, सर. आईचं आहे. चौथी पास."